सायकलफेरीची खरी हकिगत



खंडेनवमीला घरातल्या विळी-कातरीबरोबर मी माझ्या सायकललाही हळदकुंकू वाहिलं आणि हँडलला झेंडूची माळ घातली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आता ही पण शस्त्र झाली का गं तुझी?" मी हसले. पण खरं सांगते, पाऊस संपला आणि दसरा आला की आमच्यासारख्या हौशी सायकलवाल्या बायकांचा हंगाम सुरू होतो. चार महिने गच्चीत झाकून ठेवलेल्या सायकली बाहेर निघतात, चेनला तेल पडतं, आणि शनिवारी रात्री डब्यात शेंगदाण्याची चिक्की भरून ठेवली जाते. आज मला या रविवारच्या फेऱ्यांबद्दल थोडी माहिती सांगायची आहे. आणि फेरीहून आल्यावर आपण एकमेकींना जी हकिगत सांगतो ना, त्याबद्दलही. कारण त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती.

आम्ही अकराजणी आहोत, पुण्याच्या दक्षिण भागात राहणाऱ्या. सगळ्यात मोठ्या बँकेतून निवृत्त झालेल्या, वय एकसष्ट. सगळ्यात लहान अठ्ठावीस वर्षांची, परिचारिकेचं काम करते. मी मधली, सत्तेचाळीसची. आमच्यातली एकही खेळाडू नाही. रविवारी पहाटे निघायचं, पन्नासेक किलोमीटर फिरायचं आणि दहा-साडेदहापर्यंत घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं, असा आमचा बेत असतो.

आमचा नेहमीचा रस्ता कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट आणि पुढे भिवरी, चांबळीवरून सासवड. दिवे घाटानेही सासवडला जाता येतं, पण तिकडे ट्रकांची वर्दळ फार, म्हणून आम्ही बोपदेवनेच जातो आणि त्यानेच परत येतो. हा घाट लांबीला फार नाही, पण चढ तिखट आहे. वर पोचलं की एका बाजूला कानिफनाथाचा डोंगर दिसतो, लांबवर पुरंदर आणि वज्रगड दिसतात. अश्विनात या भागात रस्त्याकडेला झेंडूची शेतं पिवळी-केशरी झालेली असतात, सीताफळांच्या पाट्या विकायला बसलेल्या असतात. ऑक्टोबरात सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. आम्ही गावातून अंधारात निघतो, पण घाटाच्या पायथ्याशी थांबतो आणि उजाडल्यावरच वर चढतो. हा नियम आम्ही कधीही मोडत नाही. आणि नऊच्या आत परतीला लागतो, कारण ऑक्टोबरचं ऊन दहानंतर डोक्यावर बसतं.

आता माझी चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस उघडल्यानंतरचा आमचा पहिला रविवार. परतीला घाट उतरताना मी सगळ्यांच्या मागे होते. एका वळणावर पावसाने वरून वाहून आणलेली बारीक खडी आणि कच पसरली होती. मी वळतावळता ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि मी आडवी झाले. कोपर आणि मांडी सोलवटली. मागून गाडी येत नव्हती, म्हणून वाचले. कुणी पाहिलं नव्हतं. उठले, कपडे झटकले. खाली पोचल्यावर मैत्रिणींनी विचारलं, "काय गं, एवढा वेळ?" मी सांगितलं, "चेन उतरली होती."

का खोटं बोलले? लाज वाटली. आणि घरी कळलं तर पुढच्या रविवारी निघणं अवघड होईल, ही भीती. घरी आठवडाभर लांब बाह्यांचे कपडे घातले. संध्याकाळी आमच्या गटात फोनवर मी लिहिलं, 'बावन्न किलोमीटर, सुंदर हवा', आणि सूर्योदयाचा फोटो टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

पुढच्या रविवारी माझ्याकडे पाहुणे होते, मी गेले नाही. त्या दिवशी त्याच वळणावर आमची परिचारिका मैत्रीण पडली. तिचं गळ्याजवळचं, खांद्याकडे जाणारं हाड मोडलं. हात सहा आठवडे गळ्यात. ती रोजच्या पाळीवर पगार घेणारी, म्हणजे तेवढे दिवस पगार बुडाला. मी तिला भेटायला गेले तेव्हा राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती चिडली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ताई, त्या वळणावर कच आहे एवढं लिहिलं असतंत, तर मी तिथे उतरून चालत गेले असते."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. फेरी संपली की घाटाखालच्या टपरीवर चहा घेताना प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या. रस्ता कसा होता, शरीर कसं होतं, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. जी सर्वांत मागे राहिली तिने आधी बोलायचं, आणि तिचं संपेपर्यंत कुणी सल्ला द्यायचा नाही. तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांत आम्ही जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगते.

पहिलं, रस्ता. पावसाळ्यानंतरचा रस्ता कोरडा दिसतो, पण तो फसवा असतो. वळणांवर कच साठलेली असते, कडेचं डांबर उखडलेलं असतं, खड्डे मुरुमाने तात्पुरते भरलेले असतात. काही गावांत बाजरी नाहीतर सोयाबीन वाळायला रस्त्यावर पसरलेलं असतं. दिवाळीच्या आसपास ऊसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्यातून पडलेली उसाची कांडी चाकाखाली आली तरी सायकल घसरते. ही कच घसरवते कशी, तेही समजून घ्या. चाकाचा रस्त्याला जेवढा पकड असतो, तेवढ्यातच वळायचं आणि थांबायचं, दोन्ही कामं भागवायची असतात. वळताना ब्रेक दाबला की दोन्ही कामं एकदम त्या पकडीवर येतात, आणि खाली खडीचे गोल दाणे असले की पकड सुटते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच लावायचा. वेग कमी करून घ्यायचा, वळणात ब्रेक सोडायचा, आणि नजर खड्ड्यावर न ठेवता जिकडे जायचं तिकडे ठेवायची.

एरवीही दोन्ही ब्रेक वापरायची सवय ठेवा. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. पण कचेवर नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर तेच चाक आधी निसटतं. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. आणि निघण्याआधी ब्रेकचे रबर बघा. पावसात चिकटलेला चिखल आणि खडे त्यात रुतून बसतात. टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हवा फार कडक भरली की सायकल खराब रस्त्यावर उडते, कमी भरली की पंक्चर होते. त्या दोन आकड्यांच्या मधे आपल्या वजनाला सोसेल तेवढी ठेवायची.

दुसरं, शरीर. यात आमच्या टपरीवर जे बाहेर आलं त्याने आम्ही स्वतःच चकित झालो. एका रविवारी एक मैत्रीण म्हणाली, "माझं डोकं फार दुखतंय, मी पहाटेपासून पाणीच प्यायले नाही." का? तर वाटेत लघवीला जायला जागा नाही. मग दुसरी म्हणाली, "मीपण." अकराजणींपैकी चौघी याच कारणासाठी तहानलेल्या राहून ऑक्टोबरच्या उन्हात सायकल चालवत होत्या, आणि वर्षभर कुणी कुणाला बोलली नव्हती! पाणी कमी पिण्याने चक्कर येते, पायात गोळे येतात, मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची भीती वाढते. आता आमच्याकडे वाटेवरच्या स्वच्छतागृहांची यादी आहे. कुठल्या पेट्रोलपंपावरचं उघडं असतं, कुठल्या हॉटेलात चहा घेतला की जाऊ देतात, कुठे आत कडी नाही म्हणून मैत्रिणीला दाराशी उभं करावं लागतं. ही यादी आमच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं असं धरा. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत ठेवा.

खाण्याचंही तसंच. उपाशीपोटी दोन तास चढ चढलात तर अंगातली साठवलेली साखर संपत येते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. तासाभराने एक केळं, चिक्कीची वडी नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. नवरात्रात कडक उपास करून घाट चढायला येऊ नका. देवीलाही ते आवडायचं नाही.

आणि नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त. आमच्यातल्या एकीला हे टपरीवरच्या बोलण्यातूनच कळलं. ती धाप लागते म्हणाली, परिचारिका मैत्रिणीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि सोमवारी तिला तपासणीला धाडलं.

बसण्याबद्दल संकोच सोडून बोलते, कारण याच कारणाने कितीतरी बायका सायकल सोडून देतात. सीट दुखत असेल तर आधी तिची उंची बघा. सीटवर बसून पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवली, तर गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. बायकांच्या बसण्याच्या हाडांमधलं अंतर साधारण पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून थोडी रुंद, मधे खाच असलेली सीट बऱ्याचजणींना मानवते. गादी शिवलेली चड्डी मिळते, ती आत दुसरं काही न घालता वापरायची असते आणि घरी आल्याबरोबर धुवायची असते. वरून सलवार किंवा सैल पँट घातलीत तरी चालेल. फक्त पायचा चेनमध्ये अडकणार नाही असा बांधून घ्या. ओढणी घरी ठेवा. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा मात्र विसरू नका.

चढावर गिअर हलका करायचा तो चढ लागण्याआधी. जोर लावून पाय अडल्यावर गिअर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते, कधी उतरते. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पाय फिरेल असा हलका गिअर ठेवला की गुडघे वाचतात. आणि वेग किती ठेवायचा? शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. रविवारची आमची एक फेरी आणि मधल्या वारी दोनदा भाजीला सायकलने जाणं, यात तो आरामात होऊन जातो.

तिसरं, सोबत. रहदारीच्या रस्त्यावर आम्ही एकीमागे एक चालतो. पुढची खड्डा दिसला की हाताने दाखवते आणि ओरडते, "खड्डा!" शेवटची ओरडते, "मागून गाडी!" पुढचीच्या मागे राहिलं की समोरचा वारा कमी लागतो आणि चांगलीच ताकद वाचते, म्हणून वारा असेल तेव्हा पुढची पाळी आम्ही बदलत राहतो. पण चाकाला चाक चिकटवायचं नाही, निदान सायकलभर अंतर ठेवायचं. उतारावर तर अंतर आणखी वाढवायचं. घाटात जिची ती आपल्या वेगाने चढते आणि माथ्यावर सगळ्या जमेपर्यंत कुणी पुढे जात नाही. सगळ्यात मागे राहायची जबाबदारी दर रविवारी वेगळीवर असते. तिच्याकडे पंप, जादा ट्यूब आणि मलमपट्टी असते, आणि ती कुणालाही मागे सोडून येत नाही.

आता फोनवरच्या सांगण्याबद्दल. स्ट्राव्हासारखी ॲप आपण किती किलोमीटर गेलो, किती वेगाने गेलो, कोणत्या रस्त्याने गेलो हे सगळं नोंदतात आणि इतरांना दाखवतात. गंमत वाटते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या नकाशात फेरी जिथे सुरू झाली ते ठिकाण म्हणजे आपलं घर असतं, आणि आपण दर रविवारी किती वाजता निघतो तेही त्यात असतं. २०१८ साली याच ॲपच्या नकाशावरून काही देशांचे लष्करी तळ ओळखू आले होते, मग आपलं घर काय लांब आहे! ॲपमध्ये घराजवळचा भाग लपवायची आणि फक्त ओळखीच्यांनाच दाखवायची सोय असते, ती आधी लावून घ्या.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आमच्या एकसष्ट वर्षांच्या ताई एकदा महिनाभर आल्याच नाहीत. फोन केला की म्हणायच्या, "गुडघा दुखतोय." शेवटी मी घरी गेले तेव्हा कळलं की दर रविवारी सगळ्यांच्या वेगाचे आकडे गटात यायचे आणि त्यांचं नाव तळाला असायचं. "मी तुमचा वेळ खाते गं," त्या म्हणाल्या. घाटातल्या तिखट चढावर त्या उतरून सायकल ढकलत नेत होत्या आणि ते कुणाला कळू नये म्हणून मागे राहत होत्या. पुढच्या रविवारी मी त्यांना अक्षरशः ओढून आणलं. टपरीवर त्यांनी सगळ्यांसमोर हे सांगितलं, तर आणखी तिघींनी हात वर केले. त्याही तो तुकडा ढकलतच नेत होत्या! तेव्हापासून आम्ही वेगाचे आकडे गटात टाकणं बंद केलं.

मोठ्या पराक्रमांचं मला वावडं नाही हं. आमच्यातल्या एकीने २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली, तेव्हा आम्ही तिला ओवाळलं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणा पूर्ण केली. मला तिचं आणखी एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकावर लुटलं गेलं, हेही तिने जगाला सांगितलं. तिच्यामागून त्या वाटेने जाणाऱ्या मुलीला त्यातूनच कळणार, सावध कुठे राहायचं ते.

घरी सांगण्याचं काय? मीही ते घाबरत घाबरतच केलं. मैत्रिणीला भेटून आले त्या संध्याकाळी नवऱ्याला आणि सासूबाईंना कोपराचा डाग दाखवला. वाटलं होतं, आता सायकल बंद. सासूबाई रागावल्या, पण पडल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल. म्हणाल्या, "उद्या रस्त्यात पडून राहिलीस तर आम्ही शोधायचं कुठे?" आता शनिवारी रात्री फ्रिजवर कागद लागतो. कोणता रस्ता, सोबत कोण, परत कधी. साडेदहा वाजून गेले की त्यांचा फोन येतो, आणि मी तो उचलते.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल, तर महागडी सायकल घेऊ नका. घरात मुलाची जुनी असेल तर ती दुरुस्त करून घ्या. पहिल्या रविवारी दहा किलोमीटर, सपाट रस्ता, एक मैत्रीण बरोबर. दम लागला तर उतरा. परत आलात की तिला सांगा, कुठे दमलात, कुठे घाबरलात, कुठे कुत्री मागे लागली.

आमची परिचारिका मैत्रीण पुढच्या हंगामात परत आली. पाऊस उघडल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सगळ्या त्या वळणावर उतरतो, रस्ता बघतो, आणि कच असली तर सायकली हातात धरून चालत खाली येतो. मागून येणारे मोटारसायकलवाले हसतात. हसू देत. परवाच्या रविवारीही तिथे कच होती. मी त्याच संध्याकाळी गटात लिहिलं.

बरं, पाणी पिऊन निघा, आणि नीट घरी या. नमस्कार.